भाताआधीची तुकडी

आमच्या कंपनीत दारूपायी घरी बसवलेल्या माणसाला पुन्हा कामावर घ्यायचं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं, हेड ऑफिसचा चार पानी फॉर्म लागायचा आणि सुरमई लागायची. पहिल्या दोन गोष्टी नियमात लिहिलेल्या होत्या. तिसरी काकांची होती, आणि खरा निकाल तिच्यावरच लागायचा.

काका म्हणजे आमचे सेफ्टी ऑफिसर. त्यांचं नाव पगाराच्या स्लिपवर तेवढं यायचं, एरवी मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते काकाच. कंपनी लिफ्टच्या देखभालीची. वर्कशॉप कांजूरमार्गला. सकाळी आठला मेकॅनिक तिथे जमायचे आणि हत्यारांच्या पिशव्या खांद्याला लावून मुलुंड, घाटकोपर, पवईच्या टॉवरांकडे पांगायचे. मी एचआरमध्ये नवीन लागले होते. फाइली लावायच्या आणि काका जातील तिथे त्यांच्या मागून जायचं, एवढंच माझं काम होतं. माझी आई कणकवलीची, त्यामुळे काकांची मालवणी मला कळायची. बाकीच्या ऑफिसला ती कळत नसे, म्हणून काका रागावले आहेत की हवापाण्याच्या गप्पा मारताहेत हे विचारायला लोक माझ्याकडे यायचे.

गेटच्या आत टेबल टाकून काका बसायचे. टेबलावर स्टीलचा एक डबा. त्यात पूर्वी कुणाच्या तरी घरच्या चकल्या असाव्यात, आता फुंकरीचं मशीन असे. बाजूला चहाचा मोठा थर्मास, तो स्वतःच्या घरून आणलेला. प्रत्येकाने रांगेत येऊन नळीत फुंकर मारायची, आकडा शून्य आला की काका वहीत टिक करणार आणि थर्मासमधून अर्धा कप चहा ओतून देणार. चहाच्या बाबतीत मालक आले तरी सूट नव्हती. ‘आधी फुंकर, मगे चाय,’ हे त्यांचं वाक्य रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जायचं. पहिली फुंकर मात्र रोज त्यांची स्वतःची. सगळ्यांच्या देखत मारायचे, आकडा सगळ्यांना दाखवायचे, वहीत पहिलं नाव स्वतःचं लिहायचे आणि मगच डोळ्यांवर चष्मा चढवून रांगेकडे बघायचे. कुणी ‘काल घेतली नाही हो काका’ असं सुरू केलं की म्हणत, “तोंड खोटा बोलता, श्वास बोलणा नाय. फुंक.”

लिफ्ट कंपनीत सगळी हयात काढलेला हा माणूस कधी लिफ्टने वर जात नसे. वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीत तपासणीला गेलो की मी लिफ्टने वर जाऊन मोटर रूमपाशी उभी राहायची आणि काका घामाघूम होऊन जिन्याने यायचे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, “बसवणाऱ्यांक मी वळखतंय गो.” एका सोसायटीच्या सेक्रेटरीने हे ऐकलं आणि आमचं कॉन्ट्रॅक्ट जाता जाता वाचलं.

तर सुरमई. एखादा मेकॅनिक सकाळच्या फुंकरीत सापडला की नियम असा होता: महिनाभर घरी, व्यसनमुक्तीच्या बैठका, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि मग ‘कामावर परत घेण्यास योग्य की नाही’ याचा फॉर्म. फॉर्ममध्ये हेड ऑफिसच्या समुपदेशक बाईंची मुलाखतही होती. बंगळूरहून त्या व्हिडिओवर यायच्या आणि गोड आवाजात विचारायच्या की, दारूपासून लांब राहण्याची तुमची खात्री एक ते दहा आकड्यांत सांगा. आमची सगळी मंडळी सात सांगायची. दहा सांगितलं तर बाईंना संशय येतो, पाच सांगितलं तर बैठका वाढतात, म्हणून सात, हे वर्कशॉपमध्ये जुन्याने नव्याला शिकवलेलं होतं. बाई खूश व्हायच्या. काका म्हणायचे की, सात आकडा कामावर परत येऊ दे, माणसाचं नंतर बघू.

मग एके दिवशी काका कांजूर स्टेशनबाहेरच्या कोळणीकडून सुरमई कापून घ्यायचे आणि न सांगता त्या माणसाच्या घरी हजर व्हायचे. सुरमईच का, तर बांगड्याचे काटे काढण्यात माणसाचं लक्ष गुंततं, परीक्षा नीट होत नाही. घरच्या बाईच्या हातात पिशवी द्यायची, ‘आज तुमच्याकडे जेवतो’ म्हणायचं आणि बसायचं. दारूचा विषय काढायचा नाही. बघायचं एवढंच की, तळलेली तुकडी भाताबरोबर येते की भाताआधी. पिणाऱ्या घरात तव्यावरची पहिली तुकडी त्याच्यासाठी बशीत निघते, सोबत कांदा आणि लिंबू. तो हात न धुता ती उचलतो आणि डोळे आपोआप ग्लास शोधतात. सुटलेल्या घरात तुकडी ताटात येते, भाताच्या शेजारी, आमटीला लागून. काकांचं म्हणणं असं की, माणूस दारू महिन्यात सोडतो, पण चखणा सुटायला वेळ लागतो आणि घराला तर त्याच्याहून जास्त. हे सगळं ते फॉर्मच्या शेवटच्या ‘अभिप्राय’ या चौकटीत मराठीत लिहायचे: ‘तुकडी भाताबरोबर. हरकत नाही.’ किंवा: ‘तुकडी भाताआधी. महिन्याने पुन्हा जाणे.’ मी ते स्कॅन करून पाठवायची. तिकडे मराठी वाचणारं कुणी नव्हतं. सेफ्टी ऑफिसरची सही बघून ते जो असेल तो शेरा मंजूर करायचे.

मी पहिल्यांदा गेले ती परबकडे, भांडुपच्या डोंगरावर. परब आमचा सगळ्यांत हुशार मेकॅनिक, कान लावून मोटरचं दुखणं सांगणारा, आणि सोमवारी सकाळी सापडलेला. त्याच्या बायकोने सुरमई तळायला घेतली तेव्हा तो माझ्याशी एसी लोकलच्या पासावर बोलत होता, अगदी शहाण्यासारखा. तेवढ्यात ती बाहेर आली आणि तीन बशा ठेवल्या. तिन्हींत एकेक तुकडी, कांदा, लिंबू. भात अजून चुलीवर होता. परबचा हात बशीकडे गेला, वाटेत त्याला काकांचा चेहरा दिसला आणि हात तिथेच थांबला. आमच्या वर्कशॉपमध्ये ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक होती. पण ठाऊक असून उपयोग नसायचा, कारण तव्याशी बाई असायची.

काका उठले. तुकडीला हात न लावता. परबची बायको चिडली, आणि तिचं बरोबर होतं. पाहुणे घरी आल्यावर गरम गरम द्यायचं नाही तर काय गार करून द्यायचं, तुमच्यात पाहुण्यांना उपाशी बसवतात का, असं ती बरंच बोलली. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पाहुण्यांका दिलंस ता बराच केलंस. त्येका आधी कित्याक?”

ती स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली. एवढी वर्षं तो पिऊन दारात आला की तुकडी बशीत काढायची, म्हणजे निदान भांडण होत नाही, हे ती पुढे मला म्हणाली, आणि मला त्या क्षणी सुरमईच्या परीक्षेबद्दल जे हसू येत होतं ते गेलं. परबला आणखी एक महिना घरी बसावं लागलं. तो महिनाभर काकांना शिव्या घालत होता, त्या मी लिहून ठेवल्या नाहीत. पुढच्या खेपेला तुकडी ताटात आली.

सुरमई एकदाच हरली. आमच्या एका मेकॅनिकने दारू सोडायची म्हणून तुळशीची माळ घातली आणि काका पिशवी घेऊन दारात उभे राहिले तर त्याच्या आईने त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. काका मासळी घेऊन परत. तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. माळकऱ्याची परीक्षा कशी घ्यायची हा पेच त्यांच्या नोकरीत आला नव्हता. शेवटी चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी बेसन, कांदे विकत घेतले. फॉर्मवर लिहिलं: ‘मासळी नाही. भजी भाताबरोबर. हरकत नाही.’ तेही मंजूर झालं.

पितृपक्षातली गोष्ट. काका कांजूर गावात चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी लग्न होऊन नाशिकला. रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते. त्या रविवारी त्यांच्याकडे थोरल्या भावाचा म्हाळ होता. थोरला भाऊ गिरणीतला, पिऊन पिऊन गेलेला. त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे पानावर त्याच्या आवडीचं सगळं: वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर आणि पानाशेजारी दारूचा एक पेला भरून. हे दर वर्षी व्हायचं. काकी होत्या तोवर कावळा शिवला की त्या तो पेला मोरीत ओतून मोकळ्या व्हायच्या.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आठला, काका टेबलाशी बसले. रांगेत अकरा जण होते, परब सगळ्यांत पुढे. मी वही घेऊन बाजूला. काकांनी नेहमीसारखं मशीन डब्यातून काढलं, नळी पुसली आणि पहिली फुंकर मारली. आकडा आला. शून्य नव्हता. शून्याच्या जवळपासही नव्हता.

वॉचमनने रेडिओ बंद केला. मला वाटलं, आता परब हसणार, महिनाभराच्या शिव्यांचं व्याज वसूल करणार. परब पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, “मशीन बिघडलाहा काका. परत मारा, नायतर मी मारतंय तुमच्यासाठी.”

काकांनी चष्मा काढला. “मशीन बरा आसा,” ते म्हणाले. मग वही माझ्या हातातून घेऊन पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, पुढे आकडा लिहिला आणि खाली सही केली. थर्मासला हात लावला नाही. उरलेल्या अकरा जणांच्या फुंकरा मला घ्यायला सांगितल्या आणि गेटबाहेर चालत निघून गेले. त्या दिवशी चहा कुणीच घेतला नाही. थर्मास तसाच भरलेला मी घरी घेऊन गेले.

कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहून दिलं होतं: ‘कावळ्याने घेतली नाही.’ हेड ऑफिसने हे मात्र भाषांतर करून मागवलं. मी केलं. त्यावर फोन आला, की कावळा हा कंपनीचा कर्मचारी आहे का. मी काकांच्या घरी फोन लावून नीट विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. कांजूरला डम्पिंग ग्राउंडमुळे कावळ्यांना तोटा नाही, पण ते इतके पोटभर खाऊन असतात की पितरांच्या पानाकडे ढुंकून बघत नाहीत. दोन तास खिडकीत उभे राहिल्यावर एक कावळा आला, वडा घेऊन गेला, पेल्याकडे पाठ फिरवली. पितरांचं टाकून द्यायला त्यांना धीर होईना आणि मोरीत ओतणारी काकी घरात नव्हती.

“पयलो पेलो पितरांचो,” काका फोनवर म्हणाले. “बाकीची बाटली माझी. ह्यां पण लिव.”

मी लिहिलं. हेड ऑफिसचे साहेब फार वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढे नियम होता. ज्याच्या हातात मशीन आहे तोच सापडला, तर कंपनीने तोंड कुणाला दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी ठरवलं ते असं की, महिना संपताना एकच मूल्यमापन होईल. योग्य ठरले तर रुजू, नाहीतर नोकरी संपली. आठ महिन्यांवर आलेला निरोप समारंभ राहिला बाजूला, काका गेले ते दारूपायी, असं वर्कशॉप कायम म्हणत राहणार. काकांना पैशापेक्षा याचीच धास्ती होती. महिन्याभरात त्यांनी मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा रांगेत कोण मशीन धरतं एवढंच विचारलं.

बैठका झाल्या, सर्टिफिकेट आलं. बंगळूरच्या बाईंनी आकडा विचारला तेव्हा काकांनी चार सांगितला. बाई घाबरल्या. एवढा कमी आकडा त्यांनी कधी ऐकला नव्हता.

उरली सुरमई. ती घेऊन जाणारी मी. कोळणीने ‘आज काका नाही का?’ असं विचारलं, तर मी पैसे मोजत राहिले. लिफ्टवाल्यांच्या काकांची इमारत बिनलिफ्टची. चार मजले चढताना मी हाच विचार करत होते की, ज्याने परीक्षा काढली त्याची तीच परीक्षा घेण्यात काय अर्थ आहे. तो तुकडी भाताबरोबर वाढणार, मी हरकत नाही लिहिणार, सगळं सुरळीत. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

काकांनी पिशवी घेतली, भाताचा कुकर लावला आणि मसाला लावून तुकड्या तव्यावर टाकल्या. स्वयंपाकघर एवढंसं, मी दारात स्टुलावर. ते माझ्याकडे पाठ करून वर्कशॉपच्या चौकश्या करत होते. परबचं कसं चाललंय, पवईच्या त्या टॉवरचा दोर बदलला की नाही. पहिली तुकडी झाली. त्यांनी ती उलथन्याने काढली, बशीत ठेवली, बोटांनी मोडली आणि उभ्या उभ्या तोंडात टाकली. पवईच्या दोराबद्दल बोलता बोलताच. कुकरची एकही शिट्टी झाली नव्हती.

मग त्यांचा आवाज थांबला. ते वळले. ओठांना मसाला लागलेला.

“बघलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“खोटा बोला नको गो चेडवा. हात आपसूक गेलो.” त्यांनी बशी बाजूला ठेवली. “लिव.”

मी म्हटलं, काका, एकच संधी आहे, त्यांनी दुसरी द्यायची नाही म्हटलंय. ते गॅस बारीक करत राहिले. मग म्हणाले, की ही परीक्षा त्यांची नव्हेच. सतरा वर्षांपूर्वी काकीने ती त्यांच्यासाठी काढली होती. काकी बोलायची नाही, विचारायची नाही, वास घ्यायची नाही. तवा ठेवायची आणि बघत राहायची, की हा भाताला थांबतो का. पाच महिने तिने त्यांना नापास केलं, सहाव्या महिन्यात एक दिवस ताट वाढलं आणि रडली. “तिच्या तव्यावर मी खोटा पास होवचंय नाय,” ते म्हणाले. मी फॉर्म काढला आणि त्यांच्यासमोर लिहिलं: ‘तुकडी भाताआधी. महिन्याने पुन्हा जाणे.’ अक्षर फार वाईट आलं. बसमध्ये मला रडू आलं आणि बाजूच्या बाईने मला पाणी दिलं.

अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. शेवटच्या चौकटीत काय लिहिलंय, योग्य की अयोग्य, एका शब्दात सांगा. मला काय सुचलं देव जाणे. मी म्हटलं, सर, ही आपली ठरलेली पद्धत आहे, गेल्या सगळ्या प्रकरणांत असाच शेरा आहे आणि प्रत्येक वेळी तुमच्या मंजुरीने महिन्याची मुदत दिलेली आहे. परब वगैरे सगळ्या फाइली मी पाठवून दिल्या, भज्यांसकट. त्यांनी ते कधीच न वाचता मंजूर केलं होतं, आता नामंजूर करायचं तर आधीचं सगळं वाचावं लागलं असतं. साहेब म्हणाले, ठरलेली पद्धत असेल तर पाळा.

महिन्याने मी पुन्हा चार मजले चढले. या वेळी अकरा जणांनी वर्गणी काढून सुरमई दिली होती. परबने स्वतः उभं राहून कापून घेतली होती आणि तुकड्या एवढ्या जाड घेतल्या होत्या, की शिजतील की नाही अशी मला शंका आली. काकांनी कुकर लावला, तवा ठेवला. तुकड्या झाल्या. त्यांनी गॅस बंद केला, तव्यावर ताट झाकलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घालून.

कुकर त्या दिवशी मुद्दाम उशीर करत होता. वास सगळ्या घरात भरला. मला सकाळपासून भूक लागली होती आणि काकांच्या कपाळावर घाम होता. ते काकीबद्दल बोलत होते, तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नसत, नेहमी एक कमी मोजायची, त्यामुळे त्यांच्याकडे भात कायम कच्चा असायचा. पहिली शिट्टी झाली. दुसरी. तिसरीनंतर कुकर निवायलाही वेळ गेला. मग ते उठले, दोन ताटं घेतली, आधी भात वाढला, आमटी वाढली आणि शेवटी तव्यावरचं ताट उचलून तुकड्या. काकीच्या फोटोकडे बघितलं नाही, पण तिच्या बाजूला तोंड करून बसले.

“गार झाली गो,” पहिला घास घेऊन ते म्हणाले.

परीक्षा त्यांना पाठ होती, हे मला कळत होतं. पण एकदा नोकरी पणाला लागलेली असताना ज्याने स्वतःला नापास केलं, त्याच्यावर संशय घ्यायला मला तरी जागा दिसेना. दोघांनी मिळून पाच तुकड्या संपवल्या. हात धुऊन मी फॉर्म काढला आणि काका चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत राहिले. मी लिहिलं:

‘तुकडी भाताबरोबर. गार. हरकत नाही.’